कोऱ्या सिमेंटवरचा हात

पुसेगावच्या मुंजाजी रंगाऱ्याचं ऑइलपेंटशी वाकडं होतं. दारं-खिडक्या, बैलगाड्या याच पेंटनं रंगवून त्याचं पोट भरत होतं, ती गोष्ट वेगळी. पण सिमेंटला ऑइलपेंट लावायचं नाव काढलं की गडी बिथरायचा. सिमेंटला तो हिराकस लावायचा. हिरवट खडे बादलीभर पाण्यात विरघळवायचे, ते पाणी कुंचल्यानं भिंतीवर फिरवायचं आणि सरळ घरी जायचं. दुसऱ्या दिवशी भिंत भाजल्या विटेच्या रंगाची झालेली असायची. वर काही लावलेलं नाही, त्यामुळं पोपडा निघायचा प्रश्नच नाही.

पंच्याहत्तर साली कनेरगाव नाक्यावर उत्तमसिंगनं हॉटेल बांधायला काढलं. माणूस हौशी. त्यानं अकोल्याहून सिमेंटच्या फळ्या मागवल्या. लाकडी फळीसारख्या लांबट, वर लाकडाच्या रेषाही उमटवलेल्या. एकीवर एक चढवून लाकडी चौकटीला ठोकल्या, की झाली भिंत. हिंगोली-वाशीमच्या ड्रायव्हर लोकांना लांबून दिसावी म्हणून ती त्याला पोपटी रंगात हवी होती.

"भाऊ, पेंट म्हंजी पांघरून," मुंजाजीनं त्याला ऐकवलं. "आज हाय, उद्या फाटलं. कोऱ्या सिमेंटात चुना असतो, त्यो पेंटला खातो. पावसाळ्यात पापडावानी सुटंल. हिराकस आत जातो. फळी फुटंल पर रंग न्हाई जायचा."

उत्तमसिंगनं मान डोलावली. मुंजाजीपुढं बोलून कोण जिंकलंय?

कामावर मुंजाजीबरोबर त्याची बायको सोजराबाई असायची. खडे कुटणं, पाणी ढवळणं तिच्याकडं. आषाढात उत्तमसिंगच्या कामाच्या पहिल्याच दिवशी ती बादलीपाशी बसून हातानंच पाणी ढवळत होती. उठताना तिला गरगरलं. तोल सावरायला तिनं स्वयंपाकघराच्या दाराशेजारच्या फळीवर ओला हात टेकला. फळी तेव्हा नुसती ओली दिसली.

मुंजाजी खेकसला, "अगं काय केलंस? उद्या उमटंल ना ते!"

"उमटू द्या. भिंतीवर दोनदा फिरवलं की जाईल सारखं होऊन. काहून वरडून राहिले?" सोजराबाई म्हणाली. आपला धंदा तिला नवऱ्याइतकाच कळत होता.

त्या रात्री तिला ताप भरला. हिंगोलीच्या दवाखान्यात नेलं, सुया टोचल्या. पाचव्या दिवशी सोजराबाई गेली.

मुंजाजी रडला नाही. विहारातली माणसं आली, वंदना झाली, बायांनी हंबरडा फोडला. हा ओट्यावर बसून बुटाच्या नाड्या सोडायचा आणि पुन्हा बांधायचा. बहीण कमलबाई भाकरी वाढायची, ती तो खायचा. भाजीत मीठ नसलं तरी खायचा. "रड रे दादा, मोकळा हो," ती विनवायची. तो म्हणायचा, "व्हय," आणि कुशीवर वळायचा. लोक काय, बोलायला बसलेलेच. दगड हाय दगड, म्हणाले. खरं सांगायचं तर त्याला दुःखसुद्धा होत नव्हतं. पाय बधिर झाल्यावर चिमटा काढावा तसं सगळं लांबून कळायचं, एवढंच.

दिवाळीनंतर उत्तमसिंगनं निरोप धाडला, भिंत तशीच पडलीय. मुंजाजी कुंचले घेऊन नाक्यावर गेला. दाराशेजारी करड्या फळीवर तांबूस हात उमटला होता. चार बोटं, अंगठा. करंगळी जराशी वाकडी, लहानपणी विळा लागलेली. सगळा हात सोजराबाईचा.

त्यानं कुंचले खाली ठेवले. मग उत्तमसिंगला म्हणाला, "भाऊ, ऑइलपेंट लावू. पोपटी."

"आरं, तूच तर नको म्हनला होतास!"

"तुमची हौस हाय ना? लावू."

आता लपवण्यात काय अर्थ आहे, इथं मुंजाजीनं लबाडी केली. दोनदा हिराकस फिरवला की तो हात भिंतीत विरून जाणार, कायमचा, हे त्याला ठाऊक होतं. पेंट नुसता वर बसणार, खाली हात जिथल्या तिथं राहणार. फळी उचकटून मागावी, तर खिळा उपसताना सिमेंट तडकतं. भिंतीवर तो हात तसाच राहू द्या म्हणावं, तर हॉटेलवाला का राहू देईल? आणि मागायला तोंड उघडायचं बळ कुणाकडं होतं? पेंट पावसाळ्यापलीकडं टिकायचा नाही, हेही ठाऊक होतं. बायकोचा हात त्यानं शेवटी रंगवला, करंगळीपासून अंगठ्याकडं. काहीच वाटलं नाही. त्याचीच त्याला थोडी भीती वाटली.

पुढचा पावसाळा झाला आणि भिंतीला फोड आले. दसऱ्यापर्यंत पोपटी पापुद्रे गिऱ्हाइकांच्या ताटात पडायला लागले. उत्तमसिंगनं मुंजाजीला बोलावून भर हॉटेलात झाडलं.

"तुला ठावं होतं हे. तूच मला शिकवलं होतंस! काहून केलंस?"

मुंजाजी खाली मान घालून म्हणाला, "फुकट करून देतो, भाऊ. समदं खरवडतो."

"अन् हिराकस लाव. माझ्यासमोर."

तीन दिवस तो पत्रीनं भिंत खरवडत होता. दाराशेजारच्या फळीला आल्यावर त्यानं पत्री ठेवली आणि नखानं पेंट सोलला. हात होता तसाच निघाला. मागं उत्तमसिंग खाट टाकून बसलेला. त्यानं पाहिलं, पण त्याला तो कुठलासा डाग वाटला.

चौथ्या दिवशी मुंजाजीनं खडे स्वतः कुटले, पाणी स्वतः ढवळलं. सगळी भिंत झाली. ती एक फळी उरली.

"थांबलास काहून? ती बी मार."

एकदा फसवलेल्या माणसाला नाही कोणत्या तोंडानं म्हणायचं? त्यानं कुंचला बुडवला आणि फिरवला. भिजल्यावर फळी सगळी सारखीच काळपट दिसली. हात दिसेनासा झाला. मुंजाजी घरी गेला, जेवला, झोपला.

सकाळी तो दुसऱ्यांदा फिरवायला आला. भिंत तांबूस झाली होती, पण फिकी, पातळ चहासारखी. आणि दाराशेजारी तोच हात, गडद, वाकड्या करंगळीसकट. रस्त्यावरूनसुद्धा दिसत होता.

उत्तमसिंग वैतागला. "सारखा न्हाई आला रंग. अजून मार तिथं."

मुंजाजीनं कुंचला बादलीत सोडला. उभ्या हयातीत त्यानं हिराकस कोऱ्या सिमेंटलाच लावला होता. त्यामुळं ही गोष्ट त्याला आज पहिल्यांदा कळत होती.

"न्हाई जायचा, भाऊ," तो म्हणाला. "सिमेंट जुनं झालं. दोन पावसाळे खाल्ले त्यानं, आता पहिल्यावानी पीत न्हाई. कितीबी मारा. तिनं हात टेकला तवा फळी कोरी होती."

"कुनी टेकला?"

"सोजरानं. सोजराचा हात हाय त्यो. मी वरडलो व्हतो तिला, भाऊ. तिला गरगरत व्हतं अन् मी फळीसाठी वरडलो."

आणि मग तो रडायला लागला. सव्वा वर्षाचं सगळं एकदम आलं. तो भिंतीला धरून खाली बसला. बाजेवरचे ड्रायव्हर हातातला चहा तसाच धरून बघत राहिले.

उत्तमसिंगनं बादली उचलली आणि मागच्या नालीत ओतून दिली.