चंद्रभान कंडक्टरचा शेवटचा बदली-अर्ज

आर्वी डेपोत चंद्रभाननं तीस वर्षं तिकिटं फाडली, पण त्याचं नाव झालं ते बदलीच्या अर्जांमुळे. ड्रायव्हर, मास्तर, नर्सबाई, ज्याला बदली हवी तो चहापत्तीचा पुडा घेऊन त्याच्याकडे जाई. अर्जात कारण ठरलेलं: आई अंथरुणाला खिळलेली आहे आणि सेवेला दुसरे कोणी नाही. शेतात कापूस वेचणाऱ्या कितीतरी आया त्यानं अशा अंथरुणाला खिळवल्या. माझी तर दोनदा खिळवली. दुसऱ्या वेळी तिला जाऊन चार वर्षं झाली होती.

मात्र अर्ज तो ओसरीतच लिही. आत भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर आहे. "त्यायच्यासमोर खोटं कसं लिहू, भाऊ?" म्हणे.

त्याची एकुलती एक पोरगी काजल. सरकारी मेडिकल कॉलेजात नंबर लागला तिचा, पण कॉलेज पार कोकणात, समुद्राच्या काठी. पोरगी गेली आणि रिटायर झालेल्या चंद्रभानला घर खायला उठलं. रोज संध्याकाळी स्टँडवर येऊन बसायचा आणि गाडीतून उतरणारा एकेक माणूस न्याहाळायचा. विचारलं तर, "गाड्या टायमावर येते का नाई, पाहून राह्यलो."

पहिलं वर्ष सरताच त्यानं अर्ज ठोकला. नागपूरच्या कॉलेजात बदली मिळावी, आई अंथरुणाला वगैरे. उत्तर आलं की एका मेडिकल कॉलेजातून दुसऱ्यात जाणं आता नियमानं बंद आहे.

"बंद मंजे?" चंद्रभान मला म्हणाला. "एसटीत बी बंदच राह्यते. बंद असते तवाच तर अर्ज लागते!"

आणि गेला की हो थेट हायकोर्टात, नागपूरला. काजल फोनवर म्हणाली, "बाबा, मले आता इथं करमते." तर हा म्हणे, "तुले काय समजते? सही कर अन् पाठव." बापापुढे पोरीचं काय चालणार? केली सही.

खरी शिक्षा झाली ती काजलच्या आईला, मनकर्णाबाईला. तिचे गुडघे दुखायचे, एवढं डॉक्टरानं खरंखुरं लिहून दिलं होतं. अंथरूण मात्र चंद्रभानच्या पदरचं. त्यानं फर्मान काढलं की निकाल लागेस्तोवर बाजार बंद, विहारातली बायकांची बैठक बंद, लग्नकार्य बंद.

"काऊन? कोकणातला वकील आर्वीच्या बाजारात वांगे घ्याले येनार हाय काय?" बाई कडाडली.

"कोर्टाचं प्रकरन हाय. पडून राह्य."

सात महिने पडून राहिली बिचारी. वांगी चंद्रभान आणी, तीही किडकी.

निकालाच्या दिवशी मीही नागपूरला गेलो. असली मजा मी सोडतो होय? कॉलेजचा वकील उठला आणि अगदी गोड आवाजात म्हणाला, "आईला मुलीची सेवा हवी, हे मान्य. पण नियम मुलीच्या बदलीला आड येतो. आईच्या बदलीला कुठलाच नियम आड येत नाही." मागच्या बाकांवर खसखस पिकली. न्यायमूर्ती हसले नाहीत. त्यांनी याचिका फेटाळली आणि वर आदेशात लिहिलं की आई मुलीजवळ जाऊन राहू शकते.

ते वाक्य मनकर्णाबाईनं घरी चंद्रभानकडून दोनदा वाचून घेतलं.

"मंजे मी जाऊ शकतो?" बाईनं विचारलं.

"तसं लिवलं हाय, पन..."

"मंग कोर्टाच्या शब्दाबाहेर मी कशी जाऊ?"

तिसऱ्या दिवशी ज्वारीचं पीठ, ठेच्याची बरणी आणि बायकांचं अर्धं तिकीट घेऊन ती एसटीत खिडकीपाशी बसली. "तुमी बी चला ना," म्हणाली. चंद्रभान ताठच. "मी आलो तर वर अपील कोन करीन?"

अपील काही झालं नाही. खिचडी मात्र रोज झाली. महिन्याभरात बाईचा फोटो आला. गुडघाभर पाण्यात समुद्रात उभी, लुगडं खोचलेलं, शेजारी काजल खिदळतेय. चंद्रभाननं तो मला दाखवला आणि म्हणाला, "पाह्य! हे माही अंथरुनाले खिळेल बायको!" हसला, पण मोबाईल कितीतरी वेळ खिशात ठेवेना.

परवा पुतण्याच्या बदलीसाठी मी चहापत्तीचा पुडा घेऊन त्याच्याकडे गेलो. ओसरी रिकामी. चंद्रभान आत, तसबिरीखाली बसून लिहीत होता. मी मान वाकडी करून वाचलंच. प्रति, मनकर्णाबाई. विषय: आपलेजवळ बदली मिळणेबाबत.

"कारण काय टाकलं? आईचं दुखणं?"

"नाई," तो मान वर न करता म्हणाला. "करमत नाई, असं लिवलं."

कागदाचा फोटो काढून त्यानं काजलच्या मोबाईलवर धाडला. संध्याकाळी मनकर्णाबाईचाच फोन आला. "मंजूर. येजा. अन् येतानी तुरीची दाळ आनजा."

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीनं गेला. पुतण्याचा अर्ज मग मलाच खरडावा लागला. आमच्या वहिनी सध्या अंथरुणाला खिळलेल्या आहेत. बाजारात दिसल्या तर बोलू नका कोणाला.