कंदील धरणारा बहिरू

रावजी गांगुर्डे म्हणजे काळजीचं माहेरघर. घराला कुलूप लावून कोपऱ्यापर्यंत जायचे, परत येऊन ओढून बघायचे, मग कॉलनीतल्या कुणाला तरी सांगायचे, "जरा लक्ष ठेवा हो." त्यांची बायको कलाबाई म्हणायची, "काळजी करायला काही सापडलं नाही, तर ह्या माणसाला ताप येतो!"

असा माणूस भुयारात शिरला, हे सांगितलं तर कुणाला पटायचं नाही. पण शिरला. कचेरीत उन्मेष नावाचा नवा ड्राफ्ट्समन आला होता. त्याचा भाऊ बोटीवर नोकरीला. भावानं परदेशातून एक खोका पाठवला, त्यात एक खेळ. ना पट, ना सोंगट्या. एक जण गोष्ट सांगणार, बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होणार, आणि "आता तुम्ही काय करता?" असं विचारलं की आपलं आपण ठरवायचं. जमलं की फसलं, ते फासे सांगणार. गंगापूर रोडच्या आपल्या खोलीवर रविवारी दुपारी जेवणं उरकली की उन्मेष एका जुन्या भुयाराची गोष्ट सांगायला बसायचा. खेळायला कोण? तर रावजी आणि कचेरीतला शिपाई झुंबर. झुंबर पेठ तालुक्याकडचा, तोंडानं फटकळ. तो झाला तलवारवाला. रावजी झाले वैदू.

आता बोला! तलवारवाल्याला घाई, आणि वैदूबुवा काठीनं फरशी ठोकून बघितल्याशिवाय पाऊल टाकेनात. शिवाय दोघांचेही हात गुंतलेले, मग उजेड धरणार कोण? सारखे धडपडायचे. शेवटी उन्मेषच कंटाळला. "खेळाच्या नियमांच्या पुस्तकात सोय आहे. गावातून एक गडी घ्या मजुरीवर. तो कंदील धरेल, शिधा वाहील. त्याच्या वतीनं मी बोलेन."

"त्याचं नाव बहिरू," झुंबर म्हणाला.

उन्मेषनं बहिरू असा काही रंगवला की विचारू नका. सदऱ्याला ठिगळ, सारखी भूक लागलेली, आणि हाक मारली की "जी, आलो." रावजी तर त्याला आधी जेवायला घालायचे आणि मगच पुढचं बोलायचे. झुंबर हसायचा. "रावजीभाऊ, कागदावरचा गडी हाय तो, ढेकर नाय द्यायचा!"

आणि एका रविवारी ते घडलं. तिघं जिना उतरून तळाशी आले, भिंतींतून पाण्याची झिरप. झुंबर म्हणाला, "बहिरू, तू हितंच उभा ऱ्हा कंदील घेऊन. हलू नको. आमी आलोच." पुढच्या वळणावर साप असेल का, या विवंचनेत रावजी होते. तेही "बरं" म्हणून गेले. बहिरू म्हणाला, "जी." थोडं पुढं गेल्यावर उन्मेषनं सांगितलं, "मागून पाण्याचा आवाज येतोय. भुयारात पाणी चढतंय." इतक्यात दारात पाहुणे आले. खोका बंद. "राहिलेलं पुढच्या रविवारी!"

पुढचा रविवार आलाच नाही. उन्मेषची आई आजारी पडली, तो गावी गेला. आला तो बदलीचा हुकूम हातात घेऊनच. इकडं रावजींचा जीव टांगणीला. टेबलावर फायली पडलेल्या आणि डोळ्यांपुढं गुडघाभर पाण्यात उभा असलेला बहिरू. जेवणावरची वासना गेली. झुंबरला विचारलं, तर तो म्हणाला, "कोन बहिरू?"

अखेर कलाबाईनंच पकडलं. "काय होतंय तुम्हाला? डॉक्टरकडं जायचं का?"

"बहिरू तिथंच उभा आहे."

"कोण बहिरू?"

"खेळातला. गडी आहे. थांब म्हणालो आणि तसेच पुढं गेलो."

कलाबाईनं कपाळावर हात मारला. हसणारच होती, पण नवऱ्याचं तोंड बघून शेजारी येऊन बसली. तिला तात्यांची गोष्ट ठाऊक होती.

तात्या म्हणजे रावजींचे वडील, भिकन. एका मळेवाल्याकडं सालदार होते. एका साली नदीला पूर आला, तेव्हा मालकानं सांगितलं, "भिकन, नदीवरच्या पाण्याच्या इंजिनापाशी थांब. माणूस पाठवतो, मग ते वर ओढून घेऊ." माणूस काही आला नाही. पाणी मात्र आलं. तात्या सापडले ते इंजिनाला धरलेले. मातीला मालक आला होता. सगळ्यांदेखत म्हणाला, "लय इमानी गडी. सांगितल्या जागेवरून हलला नाय." लोकांनी माना डोलावल्या. रावजी तेव्हा बोर्डिंगात शिकणारं पोर. त्या 'इमानी' शब्दाची त्यांना तेव्हापासून चीड. अरे, हलायला हवं होतं ना तात्यांनी!

कलाबाई म्हणाली, "मग इथं बसून काय होणार? जा, सोडवून आणा त्याला."

रावजी गेले तेव्हा उन्मेषची बांधाबांध चालली होती. झुंबर वळकटीला दोरी आवळत होता. खोका ट्रंकेच्या तळाशी. रावजी दारातूनच म्हणाले, "उन्मेष, तू जायच्या आधी बहिरूचं काय ते सांग."

"अहो रावजीकाका, गाडीची वेळ झालीय!"

"होऊ दे," रावजी म्हणाले. कुणाला अडवायचा त्यांचा स्वभाव नव्हता. उन्मेषनं त्यांच्याकडं पाहिलं आणि मुकाट्यानं ट्रंक उघडली.

"बरं. तुम्ही धावत जिन्यापाशी परत येता. आता बहिरूचं इमान बघायचं. दोन फासे टाका. सात किंवा कमी पडले, तर तो सांगितल्या जागेवर थांबला. जास्त पडले, तर पळाला."

"थांबला असेल तर?"

उन्मेषनं फासे पुढं केले. "पाणी बरंच चढलंय काका."

झुंबर म्हणाला, "पळतोय कशाला! आपला बहिरू इमानी हाय."

रावजींनी फासे मुठीत धरले ते सोडवेनात. "टाका की," झुंबर म्हणाला. रावजींनी डोळे मिटले आणि टाकले. बघायचा धीर होईना.

"पाच आणि चार," उन्मेष म्हणाला. "नऊ. गेला तो. कंदील, शिधा, सगळं घेऊन पळाला."

"हात् तुझ्या! नमकहराम!" झुंबरनं दोरी आपटली.

"वर गेला ना?" रावजींनी विचारलं. "पाण्याच्या वर?"

"हो. थेट गावाकडं."

रावजी वळकटीवर मटकन बसले आणि एवढा बाप्या माणूस तोंडावर रुमाल धरून रडायला लागला. "पळाला रे, पळाला माझा बहिरू!"

झुंबर हळूच म्हणाला, "रडू नका भाऊ. गावात गाठून जाब विचारू त्याला."

"कुणी जाब विचारायचा नाही!" रावजी ओरडले. कचेरीत इतकी वर्षं काढली, पण त्यांचा असा आवाज झुंबरनं कधी ऐकला नव्हता. "थांब म्हणणारे आपण होतो. आपणच गेलो नाही."

घरी आले तर कलाबाई दारातच होती. "सुटला का?"

"सुटला. पळाला."

तिनं पाण्याचा तांब्या पुढं केला. रावजी पायरीवरच बसून गटागटा प्यायले. तांब्या परत घेत तिनं विचारलं, "आता कुठं असेल?"

"घरी पोचला असेल," रावजी म्हणाले. "जेवत असेल."