राधानगरची पुरणपोळी

अंदमानचे किनारे नानांइतके चांगले सांगणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. त्यांच्या गावी, पासलीत, देवळासमोर बसून ते बोलायला लागले की ऐकणाऱ्यांना गुरं बांधायची आठवण राहत नसे. राधानगरची वाळू पिठासारखी, पण पायाला चिकटत नाही. पाणी आधी पांढरं, मग हिरवं, मग निळं. किनाऱ्यामागे एवढी उंच झाडी की मान दुखते. नाना आठ वेळा अंदमानला गेले होते आणि त्यांनी तिथला एकही किनारा पाहिलेला नव्हता.

नाना आमच्या सहलींचे आचारी. आपली माणसं बेटावर गेली तरी संध्याकाळी त्यांना वरणभात आणि पोळी लागते, म्हणून आमची कंपनी पातेली, मसाले आणि माणसं इथूनच घेऊन जाते. ऑफिस भोरच्या एसटी स्टँडजवळ. त्याआधी नाना आमच्या कॉलेजच्या मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाक करायचे. मी घरातली पहिली पदवीधर. निकाल लागला तरी पुढे काय करायचं हे सांगणारं घरात कोणी नव्हतं. सहलींबरोबर जाण्याच्या कामासाठी नानांनी मला कंपनीच्या मालकांसमोर नेऊन उभं केलं आणि म्हणाले, “बी.ए. झाल्याली हाय, आन् कुनाला घाबरत न्हाई.” नसरापूरजवळच्या आमच्या गावी माझे वडील पोरीला परक्या माणसांबरोबर बेटावर पाठवायला तयार नव्हते. नाना एक अख्खी दुपार आमच्या ओट्यावर बसून राहिले. उठताना एवढंच बोलले, “माज्या नदरंखाली ऱ्हाईल.” माझं पुढचं सगळं आयुष्य त्या शब्दावर उभं आहे.

बेटावर नानांची जागा हॉटेलच्या मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये असे. पर्यटक समोरच्या दाराने गाडीत बसायचे, नाना मागे कांदे चिरायचे. विमानातून, बोटीतून त्यांनी पाणी पाहिलं होतं, पण त्याला ते समुद्र पाहणं धरत नसत. “त्ये नुसतं पानी. कडंला उभं ऱ्हायल्याबिगर समुद्र कसला?” ठिकाणं त्यांना खाण्यावरून ठाऊक होती. चिडिया टापूचा सूर्यास्त म्हणजे कांदाभजी, काला पत्थरचा सूर्योदय म्हणजे बांधून दिलेले पोहे, सेल्युलर जेल म्हणजे चहा-खारी. माणसं परत येऊन कशी जेवतात, यावरून ते किनारा ओळखायचे. “भरतपूरवरनं मानसं लई भुकेजून येत्यात. म्हंजी पानी उथळ आसनार, डुंबत बसत्यात. राधानगरवरनं आल्यावर मातुर पयला घास सावकाश खात्यात. काय आसंल गं तितं?”

मग मी सांगायची. सगळ्यांची जेवणं उरकल्यावर ते पातेल्यावर झाकण ठेवून माझ्यासमोर बसत. “नीट सांग, पोरी. घरी इचारत्यात.” मी लाटा सांगितल्या तर ते आवाज विचारायचे, वाळू सांगितली तर ती गरम की गार, हे विचारायचे. मी सांगितलेलं सगळं पासलीला पोचायचं, आणि माझ्यापेक्षा चांगलं होऊन पोचायचं.

दुसऱ्या कोणत्याही किनाऱ्यासाठी तासभर सुटणं एखाद्या वेळी जमलंही असतं. राधानगरचं जमत नव्हतं, कारण त्याच रात्री पुरणपोळी. मालकांनी पत्रकातच छापलं होतं: आशियातला नावाजलेला किनारा आणि परतल्यावर गरमागरम पुरणपोळी. चाळीस माणसांचं पुरण, कटाची आमटी, शिवाय पोळी नाना दुसऱ्या कोणाला लाटू देत नसत. सगळ्यात सुंदर किनाऱ्याचा दिवस हा त्यांचा सगळ्यात जड दिवस होता. मदतीची दोन माणसं चिडवायची, “नाना, अवंदा तरी बघा समुद्र.” नाना म्हणायचे, “बगतो की. आदी डाळ शिजू द्या.”

आठव्या सहलीला मी पहिल्यांदाच मॅनेजर म्हणून गेले. निघण्याआधी मालकांनी मला केबिनमध्ये बोलावून सांगितलं की पुढच्या वेळेपासून जेवण तिथल्याच केटररकडे द्यायचं ठरलंय. नानांचे गुडघे आता चालत नाहीत. त्यांना हे परत आल्यावर सांगू, आत्ता सांगितलं तर कामात मन लागणार नाही. मी बरं म्हणाले.

राधानगरच्या दिवशी सकाळी नाना माझ्या खोलीच्या दाराशी आले. अंगात धुतलेला सदरा होता. त्यांनी मला त्या दिवशी पहिल्यांदा मॅडम म्हटलं.

“म्याडम, आज शिरा केला तर चालंल का? शिऱ्याला येळ लागत न्हाई. चार वाजता तुमच्या गाडीत कडंला बसतो. सूर्य बुडाला की माघारी.”

आठ सहलींत त्यांनी मागितलेली ही एकच गोष्ट. आमच्या ग्रुपमध्ये पुण्याचे एक निवृत्त अधिकारी होते. पुरणपोळीबद्दल त्यांनी आदल्या दिवसापासून दोनदा विचारलं होतं, आणि शेवटी अभिप्रायाचा कागद तेच भरणार होते. मॅनेजर म्हणून माझी पहिली सहल होती. तक्रार आली असती तर कदाचित शेवटचीही ठरली असती. मी नानांना म्हणाले, “पत्रकात छापलंय, नाना. पुढच्या टूरला मी स्वतः नेते तुम्हाला. नक्की.”

पुढची टूर नाही, हे मला माहीत होतं.  नाना “व्हय, बरं” म्हणून डाळ निवडायला गेले.

त्या संध्याकाळी सूर्य समुद्रात गेला तेव्हा मी पर्यटकांचे फोटो काढत होते. पुरणपोळी उत्तम झाली. निवृत्त अधिकाऱ्यांनी सगळ्यांसमोर कौतुक केलं, ते माझ्या व्यवस्थापनाचं. त्या रात्री नाना माझ्यासमोर येऊन बसले नाहीत, आणि मीही काही सांगितलं नाही.

परत आल्यावर मालकांनी नानांना कामावरून थांबायला सांगितलं. महिन्याभराने कंपनीकडून शाल, नारळ आणि राधानगरचा फ्रेम केलेला मोठा फोटो पोचवायला मला पासलीला पाठवलं. भात झोडून झालं होतं, अंगणात पेंढ्या रचलेल्या होत्या. नानांच्या पत्नीने, काकूंनी, आधी मला पाणी दिलं. मग फोटोची काच पदराने पुसली, फोटो उजेडाकडे धरला आणि बराच वेळ शोधत राहिल्या.

“ह्यात तुमी कुठं हाय?” त्यांनी नानांना विचारलं.

नाना म्हणाले, “म्या सैपाकघरात.”

“त्ये झालं फोटोच्या येळंला. पर तुमी गेलावता न्हवं तितं?”

“न्हाई. म्या कंदीच न्हाई गेलो.”

“मग इतकी वरसं आमाला सांगत व्हता त्ये?”

नानांनी हनुवटीने माझ्याकडे दाखवलं. “ही सांगायची. त्येच.”

काकूंनी फोटो मांडीवर उलटा ठेवला. त्यांना राग आला होता की वाईट वाटलं होतं, मला कळलं नाही. त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता.

“ताई, तुमी तर तितल्या मोठ्या. यका दिवसाचं काम. ह्यास्नी कवा न्हाई नेलं व्हय?”

मी काय बोलणार होते कोणास ठाऊक. काहीतरी बोलायला मी तोंड उघडलं होतं. तेवढ्यात नाना गुडघ्यावर हात रोवून उठले आणि चुलीकडे जाता जाता काकूंना म्हणाले, “तिच्या हातात न्हवतं गं. च्या टाक तिला.”

माझ्या हातात होतं. हे त्या घरात दोघांनाच माहीत होतं, आणि त्यातल्या एकाने ते माझ्यासाठी झाकून घेतलं. तो चहा मी पूर्ण प्यायले. त्यानंतर पासलीला गेलेले नाही.