शेपटीची अट

कुत्र्याची पारख आमच्या सासऱ्यांना, म्हंजे आबांना, जेवढी हाय तेवढी अख्ख्या पेण तालुक्यात कोणाला नाय, आणि गंमत म्हंजे साठी उलटेपर्यंत त्यांनी कुत्रा पाळलेलाच नव्हता. जोह्याला त्यांचा गणपतीचा कारखाना. सगळा जन्म मातीत गेला, त्यामुळं समोर काय पण आलं तरी हे पहिलं बघणार, घडवताना कुठं चुकलंय आणि वाळताना कुठं तडा गेलाय. लग्न ठरवायला मी गेलो तेव्हा माझ्याभोवती पण एक फेरी मारली आणि सासूबाईंना म्हणाले, "बैठक चांगली हाय. मुकुटाखाली पोकळ वाटतोय." मी सातवीत शाळेला रामराम केलेला माणूस. भांडणार काय?

कारखान्यात मांजरं फार झाली होती. फळ्यांवरनं उड्या मारायची आणि ओल्या मूर्तींची बोटं, कान मोडून जायची. म्हणून कुत्रा पायजे झाला. मी रोह्याला कंपनीत शिफ्टला जातो आणि मोबाईल चालवतो, एवढ्या शिक्षणावर कुत्र्याची जात निवडायचं काम माझ्याकडं आलं. मी फोटो दाखवायचो, आबा चष्मा कपाळावर चढवून नापास करायचे. तो केसाळ पांढरा दाखवला. "केस गळणार, ओल्या रंगात बसणार. नको." चपट्या नाकाचा दाखवला. "हा साच्यातनं काढताना दाबला कोणीतरी." लांबडा, आखूड पायांचा दाखवला. "माती ओली असताना उभा केला. खचला." लॅब्राडोर तेवढा आवडला, पण त्याची शेपूट बघून आबा दोन पावलं मागं सरले. "एक फटका मारला तर खालच्या फळीवर एकाची सोंड राहणार नाय!" शेवटी मी मोठ्या ऐटीत शेपूट कापलेला डॉबरमन काढला. केस नाय, शेपूट नाय, आता बोला. आबांनी फोन माझ्या हातात परत दिला. "जावयबापू, खंडित मूर्ती आपण पाटावर ठेवत नाय. खंडित कुत्रा दारात कसा ठेवू?"

मग कंपनीतल्या एकानं मला पिल्लू दिलं. आई लॅब्राडोर, बाप डॉबरमन, असं शपथेवर सांगितलं, आणि मुकुटाखाली पोकळ असल्यामुळं मला ते पटलं. पिशवीत घालून गाडीत बसलो. कासू स्टेशनात गाडी थांबली आणि पिशवी रडायला लागली. कोणाला कळू नये म्हणून मी पण मोठ्यानं हुंदके द्यायला लागलो. समोरच्या मावशीनं पाण्याची बाटली पुढं केली. "काय झालं रे भाऊ?" मी म्हटलं, "सासऱ्यांकडं चाललोय." "मग रड बाबा," मावशी म्हणाली आणि बाटली माझ्याकडंच ठेवली.

पिल्लू मोठं झालं तसा एक कान उभा राहिला, एक पडला, आणि शेपूट पाठीवर गोल वळली. शंभर टक्के गावठी. मी तोंड लपवत होतो, तर आबा खूश. "वळण बघा शेपटीचं! अशी सोंड मला अजून जमली नाय." त्याचं नाव ठेवलं 'नग', कारण कारखान्यात मोजतात ते सगळे नगच. पण अट घातली. एक मूर्ती मोडली, की नग परत रोह्याला.

शिकवायला मी बसलो. मोबाईलमध्ये बघून 'सिट, सिट' म्हणायचो, तो माझ्याकडं बघत उभा राहायचा. सासूबाई आतनं माझ्या बायकोला ओरडल्या, "गो बाय, नवऱ्याला सांग, तू बसून दाखव!" मी बसून दाखवलं, ते रंगाच्या डब्यावर. मग आबांनी घेतलं हातात. "कच्चा हाय. घाई केली की तडा जातो," म्हणत त्यांनी त्याला नुसतं शेजारी बसायची सवय लावली. मांजरं गेली. नग तासन् तास बसायचा, पण शेपूट काय बसायची नाय. आबांनी बघितलं की मागचा अर्धा कुत्रा हलायचा. शेवटी आबांनीच स्वतःला शिकवलं. नगाच्या बाजूनं जाताना भिंतीकडं तोंड करून जायचे. लोकांना वाटायचं, दोघांचं भांडण हाय.

एकदा कारखान्यात धाडकन आवाज झाला. आबा धावत आले. मूर्ती खाली, नग जागेवर, आणि मी तिथं पाठमोरा वाकून चप्पल शोधत होतो. आबा नगाकडं बघून मग माझ्याकडं बघत राहिले. "अट चुकीच्या जनावराला घातली," म्हणाले.

यंदा गणपती तोंडावर आले तेव्हा आबा डोळ्यांच्या आखणीला बसले. डोळे फक्त तेच काढतात. ते काम दुसऱ्याला कधी दिलं नाय. नग बाजूलाच. आबांनी कुंचला उचलला, टेकवला नाय. परत उचलला. "फळी हलतेय. ह्याची शेपूट लागतेय. न्या त्याला, रोह्यालाच न्या आता." मी नगाला ओढत अंगणात नेला, खांबाला बांधला. परत आलो तर फळी गप्प होती. कुंचला अजून हलत होता.

आबा आपल्या हाताकडं बघत बसले. बायको हात पुसत दारात उभी होती. "गो बाय," आबा म्हणाले, "इकडं ये. बस इथं. श्वास धरून काढायचा, उजवा पहिला." कुंचला तिच्या हातात दिला आणि माझ्याकडं न बघता म्हणाले, "त्याला सोडा. उगाच नाव घेतलं त्याचं."

आता डोळे बायको काढते. आबा बाहेर ओट्यावर बसतात, भिंतीकडं तोंड न करता. नगाची शेपूट ओट्यावर धपधप आपटत असते, तिला कोण काय बोलत नाय. आबांचा हात नगाच्या मानेवर असतो. आलंगेलं गिऱ्हाईक म्हणतं, "म्हातारा कुत्र्याला किती खाजवतो हो!"

मी म्हणतो, व्हय, फार लाड करतात.