आचाऱ्याच्या डोळ्यांवर लेसर

“तुमचा कॉर्निया पातळ आहे. चष्मा घालवायला लॅसिक नाही जमणार, पीआरके करावं लागेल,” डॉक्टर म्हणाले.

कॉर्निया म्हणजे बुबुळावरचा पारदर्शक पडदा. पीआरकेमध्ये त्याचा वरचा पातळ थर काढतात आणि लेसरनं खालचा आकार नीट करतात. थर पुन्हा आपोआप भरून येतो. मला लांबचं दिसत नव्हतंच, शिवाय ॲस्टिग्मॅटिझम होता. म्हणजे पडद्याचा गोलावा सगळीकडून सारखा नव्हता. दिव्याला शेपूट फुटल्यासारखं दिसायचं.

मी धाड गावचा आचारी, लग्नांचा स्वयंपाक करतो. देऊळघाटच्या एका लग्नात वाफेनं धुरकटलेला माझा चष्मा घसरून वरणाच्या गंजात पडला. मी पळीनं शोधत राहिलो, वऱ्हाडी हसत राहिले. नवरीच्या बापानं अख्खं वरण ओतून दिलं. त्या लाजेपायी मी दवाखान्यात गेलो होतो.

लेसर चालताना दुखलं नाही. जळाल्यासारखा वास तेवढा आला. जखमेवर पट्टीऐवजी एक लेन्स बसवली. तिला बँडेज लेन्स म्हणतात.

दुखणं घरी आल्यावर सुरू झालं. डोळ्यांत तिखट चोळल्यासारखं. बायको, सुनंदा, थेंब टाकायची, घास भरवायची. दुसऱ्या दिवशी मी डॉक्टरांना फोन लावला आणि लहान पोरासारखा रडलो. ऑपरेशनच्या वेळचं सुन्न करायचं औषध घरी द्या म्हणालो.

“ते घरी टाकत राहिलात तर जखम भरणार नाही, डोळा जाऊ शकतो. गोळी घ्या, पडून राहा. ओसरेल हे.”

आमच्याकडे राहायला आलेले सासरे शेजारच्या खोलीत होते. त्यांनी सगळं ऐकलं. नंतर कितीतरी दिवस मी त्यांच्यासमोर बसलो नाही. तुम्ही हे ऑपरेशन करणार असाल तर रडू येतं, हे आधीच माहीत असू द्या.

दुखणं ओसरलं, लेन्स निघाली, पण धुकं राहिलं. नजर सावकाश साफ होईल आणि तोवर धूर, धग नको, असं डॉक्टरांनी बजावलं. इकडे अमडापूरच्या लग्नाला मी शब्द देऊन बसलेलो.

“तुमी घरीच राहा. मले येते सगळं,” सुनंदा म्हणाली आणि गेली.

मी काळा चष्मा लावून घरापुढच्या ओट्यावर बसलो. जाणारा-येणारा म्हणे, “काय बे, हिरो झाला काय?” बायको भट्टीवर आणि मी ओट्यावर. उठून आत गेलो.

पुढं एका सकाळी समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरचे बारीक आकडे स्वच्छ दिसले. मी ओरडलोच. सुनंदा चहा घेऊन धावत आली. कप पुढं केला तेव्हा तिची बाही वर सरकली. मनगटापासून कोपरापर्यंत हात भाजलेला, खपल्या धरलेल्या.

“हे कवा झालं?”

“अमडापूरले. पुऱ्या तळताना तेल उडालं.”

“मले काऊन नाही सांगितलं?”

“सांगितलं असतं त तुमी तसेच भट्टीवर आले असते.”

त्याच हातानं ती रोज माझ्या डोळ्यांत थेंब टाकत होती. आणि मी लोक काय म्हणतील याचीच काळजी करत बसलो होतो.

मी मलम आणलं, तिचा हात मांडीवर घेतला. माझी मान काही वर होईना.

“आता दिसते ना तुमाले,” ती म्हणाली, “मंग नीट पाहून लावा.”