त्या खोलीत लेकरं रडत नव्हती

ती घटना आजही आठवते, आणि आठवली की राग येतो तो कुठल्या आरोपीचा नाही, माझाच. चौतीस वर्षं खात्यात काढली. चोर पकडले, खुनी पकडले आणि एकदा एका भल्या बाईला पकडलं. नावं कोणाचीच लिहीत नाही.

निवृत्तीला दीड वर्ष राहिलं होतं. माझं ठाणं नगर शहरात. आता अहिल्यानगर म्हणायचं, पण तोंडात नगरच बसलंय. सकाळी हजेरी चालू असताना ठाण्याच्या फोनवर एका बाईचा फोन आला. केडगावच्या बाजूची एक गल्ली सांगून ती ठाणे अंमलदाराला एवढंच म्हणाली, "तितं एक बाई कंपनीतल्या बायांची लेकरं सांभाळती. अकरा लेकरं हायेत. रडत न्हाईत. तेवढं बघा." नाव विचारताच तिने फोन ठेवला. अंमलदाराने स्टेशन डायरीत नोंद घेतली आणि मला म्हणाला, "साहेब, लेकरं रडत नाहीत अशीपण तक्रार यायला लागली आता."

मला हसू आलं नाही. मी दोन मुलं वाढताना पाहिलीत. एका खोलीत अकरा लेकरं आणि एकही रडत नाही, म्हणजे तिथे काहीतरी वाईट चाललंय, हे कळायला पोलीस असावं लागत नाही.

महिला हवालदाराला घेऊन गेलो. पत्र्याची खोली, पण झाडूनपुसून लख्ख. ओळीने गोधड्या आणि त्यांवर अकरा लेकरं गाढ झोपलेली. सकाळचे अकरा वाजले होते. शेजारच्या वर्कशॉपात लोखंड कापायचं मशीन किंचाळत होतं, तरी एकाही लेकराने कूस बदलली नाही. मधोमध साठीची एक विधवा बाई बसून पुठ्ठ्याने वारा घालत होती. वस्ती तिला मावशी म्हणायची. हवालदारबाईंनी नऊ महिन्यांची एक मुलगी उचलली, तर तिची मान मागे पडली. श्वास फार हळू चालला होता.

सगळी लेकरं तपासायला दवाखान्यात नेली. दहा जणांना दुपारपर्यंत जाग आली. त्या मुलीला आली नाही. डॉक्टर म्हणाले, "झोप आणणारं सर्दीचं औषध आहे. हिच्या पोटात फार जास्त गेलंय. आत्ताच काही सांगता येणार नाही."

मावशीला ठाण्यात आणलं.

"औषध कोणी दिलं?"

"म्या."

"कुठलं औषध? बाटली कुठे आहे?"

खोलीची झडती घेतली, बाटली सापडली नाही. खोटं बोलणारा माणूस जास्त बोलतो, हा माझा कायमचा अनुभव. ही बाई एका शब्दावर थांबत होती. मला ते तेव्हाच खटकायला हवं होतं. पण कबुली हातात पडली की पोलिसाचं डोकं काम करायचं थांबतं, तसं माझंही थांबलं. गुन्हा दाखल केला, तिला अटक केली, खोलीला सील ठोकलं आणि घरी जाऊन व्यवस्थित जेवलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी पावणेसातला ठाण्याच्या आवारात आठ बाया कडेवर लेकरं घेऊन उभ्या. त्यातली एक पुढे झाली. "सातला कंपनीचं गेट बंद हुतं, साहेब. खोली तुमी बंद केली, आता लेकरं तुमीच सांभाळा." मी तोंड उघडेपर्यंत त्यांनी लेकरं बाकावर ठेवली आणि पळत सुटल्या. पळणारे आरोपी पुष्कळ पाहिले होते, पळणाऱ्या आया पहिल्यांदाच पाहिल्या. एकीने वळून पाहिलं, पण थांबली नाही.

त्या दिवशी ठाण्यात दुसरं काम झालं नाही. आठ लेकरं एकसुरात रडत होती. एकाने दरोड्याच्या कागदांवर शू केली. खाकीतल्या चार माणसांना आठ लेकरं दुपारपर्यंत सांभाळता आली नाहीत. मावशी एकटी होती आणि तिच्याकडे अकरा होती, हे तेव्हा कुठे डोक्यात शिरलं.

त्या गोंधळातच माझा रायटर मावशीच्या मोबाईलचा जप्ती पंचनामा लिहीत बसला होता. लिहिता लिहिता थांबला, स्टेशन डायरी उघडली आणि माझ्यासमोर आणून ठेवली. "साहेब, नंबर बघा. तो फोन हिनेच केला होता." नंबर आदल्या दिवसापासून आमच्याच डायरीत होता. आम्ही त्यापुढे 'निनावी' लिहिलं आणि पुन्हा पाहिलं नाही.

मावशीला समोर बसवलं, पाणी दिलं. म्हटलं, "मावशी, स्वतःचीच तक्रार कोणी करतं का?"

पाणी पिऊन ती म्हणाली, "घरमालक म्हनला, लेकरांचा लई कालवा हुतो, खोली सोडा. म्या बायांना तसंच सांगितलं. दुसऱ्या आठवड्यापासून लेकरं निजलेलीच यायला लागली. एकीचं बघून दुसरीनं. इचारलं तर म्हनायच्या, रातभर जागलंय. न्हाई ठेवत म्हनावं तर बाईचं काम जातं. म्हनलं पोलीस येतील, बायांना चार शब्द समजावून सांगतील. तुमी मलाच धरलं."

"मग मी दिलं असं का म्हणालात?"

"कालव्याचं पैलं माझ्याच तोंडून गेलं न्हाई का? त्या पोरींनी काय करावं?"

दवाखान्यात त्या मुलीच्या आईचा जबाब घ्यायला गेलो. कंपनीच्या गणवेशातच बसली होती. पोरीने नुकतेच डोळे उघडले होते. आईने काही लपवलं नाही. "माझीच लई रडायची, साहेब. तिच्यापायी खोली गेली असती तर अकराजनी घरी बसल्या असत्या. रोज एक झाकन द्यायचे. त्या दिवशी दोन दिली."

तिच्या गल्लीपासून दोन गल्ल्यांवर सरकारी पाळणाघर होतं. कष्टकरी बायांच्या लेकरांसाठी, असं फलकावर लिहिलेलं. तिथे का नाही ठेवलं, असं मी विचारलं. ती म्हणाली, "ते साडेनऊला उघडतंय."

मी स्वतः जाऊन पाहिलं. भिंतीवर हत्ती-ससे रंगवलेले, खेळणी, दूध, स्वच्छ सतरंज्या आणि फक्त चार मुलं. तिथली सेविका प्रामाणिक होती. "साहेब, मी सहाला यायला तयार आहे. पण वेळ वरून ठरते आणि किल्ली ऑफिसात असते." वेळ बदलावी असं पत्र मी सही-शिक्क्यानिशी पाठवलं. दोन महिन्यांनी उत्तर आलं : बाब धोरणात्मक असल्याने वरिष्ठांकडे सादर. ते अजून सादरच आहे.

मावशीविरुद्ध पुरावा नाही असा अहवाल कोर्टात दिला. दोषारोपपत्रात तिच्या जागी त्या आईचं नाव घातलं. कायद्याने दुसरा मार्ग नव्हता. पोरगी वाचली, आईचं काम गेलं. सील काढून किल्ली मी स्वतः मावशीच्या हातात द्यायला गेलो, तर तिने घेतली नाही. "आता लेकरू उचलायला हात धजत न्हाई," म्हणाली आणि बेलापूरला भावाकडे निघून गेली.

या प्रकरणाने मला काय शिकवलं, असं लोक विचारतात. सगळे नियमाने वागले. घरमालक, कंपनी, पाळणाघर आणि सगळ्यात जास्त मी. नियम मोडला तो फक्त त्या बायांनी आणि शिक्षा झाली तीही त्यांनाच. यातून शहाणपण काढायला गेलो की माझ्या हाती काहीच लागत नाही.

निवृत्तीनंतर एकदा सकाळी त्या गल्लीत गेलो होतो. मावशीच्या खोलीत भंगाराचं गोदाम झालंय. पुढे तीन दारांना बाहेरून कुलपं होती आणि तिन्ही दारांआडून लेकरं रडत होती. वर्कशॉपातल्या माणसाला विचारलं, तर म्हणाला, "रोजचंच हाय. साडेतीनला आया येत्यात."

आता त्या गल्लीत लेकरं रडतात. फोन करणारी तेवढी तिथे राहिली नाही.