बाबांच्या खुर्चीवरचा पेपर

"खुर्चीवर आधी पेपर टाका," विभागप्रमुख म्हणाले.

खुर्ची माझ्या बापासाठी होती. पालघरच्या आमच्या लॉ कॉलेजात परिसंवाद होता, आणि सातपाटीहून बाबांना मीच बोलावलं होतं. धुतलेला सदरा, केसांना तेल. वास? असेल. समुद्रावरचा माणूस समुद्राचाच वास घेऊन येणार.

पेपर टाकला कोणी? मी. नवाकोरा प्राध्यापक. त्यातही अक्कल अशी, की मराठी बाजूला सारून इंग्रजी पेपर निवडला. बापाचा मान राखला म्हणे!

बाबा बसले. सांगू लागले. जाळं बांधायला समुद्रात खुंट मारतात, त्या जागेला आमच्यात कव म्हणतात. "देवळाचा कळस नि पाठचा डोंगर एका रेघंत आला, का ती आमची कव. आज्यापासून. दुसरा कोन तिथं खुंट मारीत नाय."

"हे कोळीगीत झालं हो," प्रमुख म्हणाले. "कायदा कुठाय?"

सभागृह हसलं. सगळ्यांत मोठ्यानं मी. बाबाही हसले. पोरगा हसतोय, म्हणजे काहीतरी बरंच झालं असणार.

ते गेल्यावर प्रमुखांनी तो पेपर दोन बोटांत धरून कचऱ्यात टाकला.

त्या हसण्यातून माझा पहिला शोधनिबंध निघाला. शेवटचं वाक्य: 'तोंडी खुणांवरचा हक्क हा हक्क नव्हे.' त्यावर बढती, मग परदेशात शिकवणं, मग देशादेशांतले समुद्राचे तंटे ऐकणारं न्यायासन. बापाच्या पाठीची पायरी केली. चढताना बूटही काढले नाहीत.

न्यायाधीश झालो म्हणून बोईसरच्या कारखानदारांनी सत्कार ठेवला. अध्यक्ष तेच विभागप्रमुख, आता निवृत्त. माइकवर म्हणाले, "पोरगा कुठून कुठे गेला! आता मासळीचा वासही येत नाही." हशा. शेजारी बसलेला कारखान्याचा वकील कानाशी लागला. "सर, खाडीच्या हक्काच्या आमच्या केसमध्ये कोळ्यांविरुद्ध तुमचंच वाक्य लावलंय. त्यांच्याकडे कागद कुठेत?"

मी मान डोलावली. हो, डोलावली. सवय.

पहिल्या रांगेत बाबांची खुर्ची रिकामी दिसली. ते दाराशी उभे. मी खाली उतरून गेलो.

"बाबा, बसा ना."

"पेपर दे ना आदी," ते हळूच म्हणाले. "मखमल हाय. खराब व्हईल."

किळस. त्या सभेची नंतर. आधी माझी. इतकी वर्षं बाबांना सगळं कळलेलं होतं. हसणारा मीच तेवढा अडाणी.

बाबांना हाताला धरून मखमलीवर बसवलं. प्रमुख शाल घेऊन पुढे आले.

"शाल नको," मी म्हणालो. "त्या दिवशीचं हसणं मागे घ्या."

"अरे, गंमत होती ती!"

"निकाल होता तो. सही माझी होती."

शाल त्यांच्याच हातात राहिली.

तो शोधनिबंध छापणाऱ्या नियतकालिकाला मी नाव घालून लिहिलंय: ते वाक्य खोटं आहे. तेव्हा लिहितानाही मला माहीत होतं. कळसही माहीत होता, डोंगरही. एक प्रत खाडीच्या कोळ्यांच्या वकिलाकडे पोचवली. न्यायाधीशानं असल्या भानगडीत पडू नये, असा फोन आलाय. मग काढा मला. बापाच्या पाठीवरून उतरलोय. पुन्हा चढणार नाही.